शेल स्क्रिप्टातलं इफ: "खरं काय" नको, "झालं काय" विचारा

माझा मावसभाऊ निपाणीत एका दुकानाचा कंप्युटर सांभाळतो आणि आठवड्यातनं दोनदा तरी रात्री साडेनऊला त्याचा फोन येतो, दादा इफ चालेना झालंय. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका लहान कारखान्याच्या ऑफिसात असतो, म्हणजे बाहेर कास्टिंगचं काम चाललेलं आणि आत कोपऱ्यात मी, एक लिनक्सची मशीन आणि एक म्हातारा यूपीएस. फोनवर कोड सांगणं म्हणजे काय असतंय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत, डॉलर दे, आता कंस उघड, अरे गोल नव्हे चौकोनी, जागा सोड, सोडलास काय, किती सोडलास. शेवटी म्हटलं एकदा सगळं बसून लिहून काढावं आणि पुढच्या वेळी फोन आला की हेच पाठवून द्यावं.

शेल म्हणजे लिनक्सला टाइप करून हुकूम देतो तो प्रोग्राम, बॅश हा त्यातलाच एक, स्क्रिप्ट म्हणजे असल्या हुकुमांची फाइल, आणि इफ म्हणजे तिच्यातलं जर-तर. तर हे फोनवर सांगितल्यासारखंच आहे. कोडमधले शब्द पण मी बोलतो तसे देवनागरीत लिहिलेत, खरं तुम्ही टाइप करताना सगळं इंग्रजी अक्षरात टाकायचं आणि आकडे पण इंग्रजीच. आय एफ म्हणजे इफ, टी एच ई एन म्हणजे देन, ई एल एस ई म्हणजे एल्स, एफ आय म्हणजे फाय, ई सी एच ओ म्हणजे इको. अक्षरं सगळी लहान, जिथं कॅपिटल पाहिजे तिथं सांगतो. व्हेरिएबलचं (आकडा किंवा शब्द साठवायच्या डब्याचं) नाव खरोखर मराठीत ठेवून बघायचा मोह होतो, मी पण केलेलं, बॅश सरळ कमांड नॉट फाउंड म्हणून मोकळा होतो. नावात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालतात. अवतरणचिन्हात मात्र मराठी बिनधास्त लिहा, तिथं काय अडचण नाही.

आता वर मी "खरं तुम्ही टाइप करताना" असं लिहिलं बघा. आपल्या बेळगाव-खानापूरकडं "खरं" म्हणजे "पण". येतो, खरं उशीर होईल. पुण्याचा माणूस हे ऐकून दोन सेकंद थांबतोच, ह्याला काय खरं वाटलं म्हणून. शेलमध्ये पण पहिल्यांदा असंच थांबायला होतं, कारण बाकीच्या भाषांमध्ये एक म्हणजे खरं आणि शून्य म्हणजे खोटं असं शिकून आलेलो असतो, आणि इथं नेमकं उलटं. शून्य आलं की इफ देनमध्ये जातो आणि दुसरं काहीही आलं की एल्समध्ये. पाठ करायला गेलं की हे विसरतंय. कारण कळलं की विसरत नाही: इफला खरं-खोटं कळतच नाही, त्याच्यापुढं एक कमांड ठेवायची असते, तो ती चालवतो आणि विचारतो काय बाबा, झालं काय तुझं काम. प्रत्येक कमांड संपताना एक आकडा मागं ठेवून जाते, शून्य ते दोनशे पंचावन्नमधला. शून्य म्हणजे झालं. बाकीचे सगळे आकडे म्हणजे नाही झालं आणि कारणं वेगवेगळी. आई बाजारला पाठवते तेव्हा मेथी आणली तर कोण काय विचारत नाही, नाही आणली की मग दुकान बंद होतं काय, पैसे विसरलास काय, मित्र भेटला काय. झाल्याचा प्रकार एकच, न झाल्याचे पन्नास, म्हणून शून्य झाल्याला दिलंय.

इफ मेकडिर /बॅकअप/आज
देन
    इको "फोल्डर तयार"
एल्स
    इको "फोल्डर झालं नाही"
फाय

मेकडिर म्हणजे एम के डी आय आर. हे एकदा चालवा, फोल्डर तयार म्हणेल. लगेच परत चालवा, आता नाही झालं म्हणेल, कारण फोल्डर आधीच आहे आणि मेकडिरला ते बनवता आलं नाही. ह्यात चौकोनी कंस कुठंच नाही बघा. बरेच जण इफ म्हटलं की कंस आलाच असं धरून चालतात, तो इफचा भाग नाहीच.

फाय कशाला, असं मावसभावानं विचारलेलंच. इफ उलटा वाचला की फाय. स्टीफन बॉर्न नावाच्या माणसानं बेल लॅब्समध्ये हा शेल लिहिला, १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तो बाहेर आला, आणि त्याला अल्गोल ६८ ही भाषा लई आवडायची, तिच्यात असं उलटं लिहून बंद करायची पद्धत होती. केस (सी ए एस ई, इफचाच भाऊ, पुढं येतो) पण तसाच बंद होतो, एसॅकनं. मग लूपचा डू पण ओ डी नं बंद व्हायला पाहिजे होता नव्हे, खरं ओडी नावाची कमांड युनिक्समध्ये आधीच होती, म्हणून बिचाऱ्याला डन घ्यावं लागलं. बॅश नंतर आला, १९८९ ला ब्रायन फॉक्सनं लिहिला, आणि हे सगळं तसंच ठेवलं.

आता कंस. चौकोनी उघडता कंस ही स्वतः एक कमांड आहे, मस्करी नाही, बहुतेक लिनक्सवर /यूएसआर/बिन ह्या फोल्डरात त्याच नावाची फाइल सापडते. तिचं दुसरं नाव टेस्ट. आणि बंद होणारा कंस हा तिला दिलेला शेवटचा शब्द, एवढंच. हे डोक्यात बसलं की जागा सोडायची भानगड आपोआप सुटते, कमांड आणि तिच्या पुढचे शब्द ह्यांच्यात जागा लागतेच, एलएस आणि फोल्डरचं नाव चिकटवून कोण लिहितंय काय.

पोती=५०
इफ [ "$पोती" -जीई ४० ]; देन
    इको "गाडी भरली, सोडायला हरकत नाही"
फाय

वरच्या ओळीत बरोबरच्या चिन्हाला दोन्हीकडं चिकटवलंय, तिथं जागा सोडली तर शेल पोती नावाची कमांड शोधायला जातो. खालच्या ओळीत प्रत्येक गोष्टीला जागा सोडलीय. एकीकडं चिकटवायचं आणि एकीकडं सोडायचं, हे विचित्र आहे ते आहेच. देन त्याच ओळीवर पाहिजे असेल तर त्याच्याआधी अर्धविराम.

आकड्यांसाठी डॅश लावून दोन अक्षरं: ईक्यू म्हणजे सारखं, एनई म्हणजे सारखं नाही, जीटी मोठं, जीई मोठं किंवा तेवढंच, एलटी लहान, एलई लहान किंवा तेवढंच. शब्दांसाठी एक बरोबरचं चिन्ह, आणि नाही म्हणायचं असेल तर त्याच्याआधी उद्गारचिन्ह. मोठं-लहानची चिन्हं शाळेतल्यासारखी चौकोनी कंसात टाकायची नाहीत. शेलमध्ये ते चिन्ह म्हणजे आउटपुट फाइलीत टाक असा हुकूम, त्यामुळं पाच मोठं दहा असं काय तर लिहिलं की दहा नावाची एक रिकामी फाइल तयार होते आणि उत्तर कायम हो येतं. कुठल्या फोल्डरात उगंच आकड्याच्या नावाच्या फाइली दिसल्या की समजायचं, कुणीतरी इथं इफ शिकून गेलंय.

डॉलरच्या व्हेरिएबलला दुहेरी अवतरणचिन्ह लावायचंच, आळस करू नका. गाव नावाचं व्हेरिएबल रिकामं असेल आणि चिन्ह नसेल तर कंसाला तो शब्दच दिसत नाही, तुलना कशाशी करू म्हणून युनरी ऑपरेटर एक्सपेक्टेड असं ओरडतो. आणि गाव मध्ये "येळ्ळूर राजहंसगड" असे दोन शब्द असतील तर टू मेनी आर्ग्युमेंट्स. निम्मे फोन ह्याच दोन मेसेजचे असतात.

आता एक आपल्या मराठी लोकांचीच भानगड सांगतो, ही इंग्रजी पुस्तकात सापडायची नाही. मावसभावानं दुकानासाठी एक स्क्रिप्ट केलेली, रीड कमांडनं किती पोती ते विचारायचं आणि चाळीसच्या वर असतील तर गाडी भरली म्हणायचं. दुकानातल्या मामांनी कीबोर्ड मराठीवर ठेवलेला, त्यांनी पन्नास टाकलं ते पाचाचं आणि शून्याचं देवनागरी चिन्ह. स्क्रिप्ट म्हणाली गाडी भरली नाही. मामा म्हणाले कंप्युटरला मोजता येत नाही काय. झालं असं की कंसाला फक्त इंग्रजी आकडेच आकडे म्हणून कळतात, देवनागरी किंवा कन्नड आकडा दिला की तो तक्रार करतो इंटीजर पाहिजे म्हणून, आणि मागं दोन हा आकडा ठेवून जातो. तक्रारीची ओळ वर सरकून गेली, कुणी बघितली नाही. इफला काय, शून्य आलं नाही ना, चला एल्समध्ये. म्हणजे "चाळीसपेक्षा कमी आहे" आणि "मला तुझा आकडाच वाचता येईना" ही दोन्ही उत्तरं इफला सारखीच. हे लक्षात ठेवा, पुढं ह्याच्यावरच माझी चांगली जिरलेली आहे.

इलाज म्हणजे आकडा आधी तपासून घ्यायचा, आणि त्याला केस बरा पडतो:

केस "$पोती" इन
    ''|*[!०१२३४५६७८९]*) इको "मामा, इंग्रजी आकडा टाका" ;;
    *) इको "बरं, पुढं चला" ;;
एसॅक

चौकोनी कंसातले दहाही आकडे इंग्रजीत टाइप करायचे. अर्थ असा, रिकामं असेल किंवा ह्या दहा सोडून एखादं दुसरं अक्षर कुठंही सापडलं तर पहिली ओळ. शून्य डॅश नऊ अशी शॉर्टकट रेंज बरेच जण लिहितात, खरं काही लोकेलमध्ये (म्हणजे मशीनच्या भाषेच्या सेटिंगमध्ये) त्या रेंजमध्ये दुसऱ्या लिपीतले आकडे पण घुसतात, म्हणून दहाच्या दहा लिहून टाका, काय वाद नाही.

केस मला स्वतःला इफपेक्षा जास्त आवडतो, आणि आपल्या भागात तर त्याचा उपयोग लई. तीन-चार भाषा बोलणाऱ्या ऑफिसात हो की नाही विचारणारी स्क्रिप्ट लिहायची म्हटलं तर इफ-इफ-इफ करत बसायला नको:

रीड -आर -पी "बॅकअप घेऊ काय? " उत्तर
केस "$उत्तर" इन
    हो|होय|व्हय|हौद|वाय) इको "घेतो" ;;
    नाही|नको|ब्याडा|एन) इको "बरं, राहू दे" ;;
    *) इको "काय म्हणालात ते कळलं नाही" ;;
एसॅक

इथले हो, होय, व्हय, हौद हे खरोखर मराठी अक्षरात लिहिले तरी चालतात, बॅशला त्याचं काय नाही, फक्त शेवटचे वाय आणि एन तेवढे इंग्रजी अक्षर. हौद आणि ब्याडा म्हणजे कन्नडमधलं हो आणि नको. मशीनच्या भाषेप्रमाणं बोलायचं असेल तर लँग नावाचं व्हेरिएबल बघायचं, एल ए एन जी, चारही कॅपिटल:

केस "$लँग" इन
    एमआर*) इको "नमस्कार, काम सुरू करतो" ;;
    केएन*) इको "नमस्कार री, केलस शुरू माडतीनि" ;;
    *) इको "काम सुरू" ;;
एसॅक

एम आर म्हणजे मराठी आणि के एन म्हणजे कन्नड, लोकेलच्या नावात हीच दोन अक्षरं सुरवातीला असतात. उभी रेघ म्हणजे किंवा, तारा म्हणजे पुढं काहीही, दोन अर्धविराम म्हणजे इथं थांब. वरनं खाली बघत येतो आणि जो पहिला जुळेल तोच धरतो, म्हणून एकटा तारा सगळ्यात शेवटी. वर टाकलात तर बाकी सगळे उपाशी.

हीच वरनं खाली बघायची सवय एलिफमध्ये पण आहे, ई एल आय एफ. डिस्क किती भरली त्याचा टक्का वापर नावाच्या व्हेरिएबलमध्ये आलाय असं धरा:

वापर=$(डीएफ --आउटपुट=पीसेंट /बॅकअप | टेल -एन १ | टीआर -डीसी '०-९')
इफ [ "$वापर" -जीई ९० ]; देन
    इको "आता जुनं काढल्याशिवाय नवीन घेऊ नका"
एलिफ [ "$वापर" -जीई ७५ ]; देन
    इको "ह्या आठवड्यात बघा"
एल्स
    इको "निवांत"
फाय

पीसेंट म्हणजे पी सी ई एन टी. इथली उभी रेघ म्हणजे किंवा नव्हे, एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला दे असं, आणि अशा साखळीला पाइपलाइन म्हणतात. पंचाहत्तरची ओळ आधी लिहिली तर पंच्याण्णव टक्के भरलेली डिस्क पण "ह्या आठवड्यात बघा" मध्येच अडकते, नव्वदपर्यंत पोचतच नाही.

फाइलींच्या तपासण्या पटकन सांगून टाकतो. डॅश ई म्हणजे त्या नावाचं काय तरी आहे, डॅश एफ म्हणजे साधी फाइल आहे, डॅश डी फोल्डर, डॅश एस म्हणजे आहे आणि रिकामी नाही, आर-डब्ल्यू-एक्स म्हणजे वाचायला, लिहायला, चालवायला परवानगी आहे. शब्दासाठी डॅश झेड म्हणजे रिकामा, डॅश एन म्हणजे रिकामा नाही. दोन अटी जोडायच्या तर एका कंसात डॅश ए आणि डॅश ओ घालून खिचडी करू नका, ती पद्धत जुनी आहे आणि गोंधळ करते, दोन वेगळे कंस करा आणि मध्ये दोन अँडची चिन्हं किंवा दोन उभ्या रेघा.

ती दोन चिन्हं इफशिवाय पण वापरता येतात, डावीकडचं झालं तरच उजवीकडचं कर. फोल्डर बदलायची कमांड आणि पुसायची कमांड लागोपाठ असतील तर मध्ये हे पाहिजेच, नाहीतर फोल्डर बदललं नाही आणि पुसायचं काम तिथंच झालं असं होतं, आणि मग कुंदा वाटून पण माफी मिळत नाही. खरं एक लक्षात ठेवा, "हे अँड ते किंवा मग ते" अशी एका ओळीची मालगाडी म्हणजे इफ-एल्स नव्हे. पहिलं झालं, दुसरं फसलं, तर तिसरं पण चालतं. इफमध्ये असं होत नाही. चार ओळी जास्त झाल्या तर होऊ देत की.

आता जोड कंसांचं. बॅशमध्ये दोन चौकोनी कंस लावायची पण सोय आहे, ती कॉर्न शेलमधनं आली. त्यात रिकाम्या व्हेरिएबलला अवतरणचिन्ह नसलं तरी फुटत नाही आणि तारा लावून नमुना जुळवता येतो. दोन गोल कंस लावले तर आत शाळेतलं गणित, मोठं-लहानची चिन्हं पण चालतात. चांगलं आहे, मी वापरतो, खरं दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा सकाळी आठला पडतो. मी एक स्क्रिप्ट केलेली, बाराच्या आधी चालली तर एक काम, नंतर चालली तर दुसरं. तास काढायला डेट कमांड, पुढं अधिक, टक्का आणि कॅपिटल एच. गोल कंसात तास लहान बारा. सातला चाललं, दहाला चाललं, आठ आणि नऊला बोंब. दोन दिवस मी क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला, शिव्या देत होतो. कारण असं की डेट सकाळी आठला शून्य आठ असा आकडा देतो, आणि गणिताच्या कंसात शून्यानं सुरू होणारा आकडा आठच्या पायातला धरतात, त्या पायात आठ आणि नऊ हे आकडेच नाहीत. शून्य सात चालतो, शून्य आठ नाही. उपाय सोपा:

इफ (( १०#$तास < १२ )); देन
    इको "सकाळचं काम"
फाय

दहा आणि हॅश पुढं लावलं की दहाच्या पायातच मोज म्हणून सांगितल्यासारखं. मजा म्हणजे साध्या एका चौकोनी कंसात एलटी वापरलं असतं तर काहीच झालं नसतं, तो शून्य आठला गप आठ म्हणतो. जोड चौकोनी कंस मात्र गणितासारखाच अडकतो.

दुसरा खड्डा म्हणजे हे जोड कंस प्रत्येक शेलमध्ये नाहीत. उबुंटूनं ६.१० पासून, म्हणजे २००६ पासून, एसएच ह्या नावामागं बॅश काढून डॅश नावाचा लहान शेल बसवलाय, तो लवकर चालतो खरं त्याला जोड चौकोनी कंस कळत नाहीत, आणि बरोबरची दोन चिन्हं टाकली तर ती पण नाही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीवर हॅश, उद्गारचिन्ह आणि /बिन/बॅश लिहा, आणि चालवताना पुढं एसएच लावू नका, ते लावलं की पहिली ओळ कोण विचारत नाही.

आता जिरलेली गोष्ट. आधी एका ठिकाणी कामाला होतो, तिथं रोज रात्री हिशेबाच्या डेटाबेसचा डंप (सगळ्या माहितीची नक्कल) काढून जीझिपनं दाबून ठेवायची स्क्रिप्ट माझी. डंप, उभी रेघ, जीझिप, फाइल. आणि मी हुशार म्हणून त्याच्यावर इफ पण लावलेला, झालं तर "बॅकअप झाला" असं लॉगमध्ये लिही. वर परत डॅश एस लावून फाइल रिकामी नाही ना ते पण बघत होतो. जुलैत एकदा जोराचा पाऊस, लाईट आत-बाहेर, डिस्क गेली. म्हटलं काळजी नको, बॅकअप आहे. फाइली बघितल्या तर तीन आठवड्यांच्या सगळ्या फाइली वीस-वीस बाइटच्या.

डेटाबेसचा पासवर्ड कुणी तर बदललेला. डंप रोज फसत होता. खरं पाइपलाइनमध्ये इफ विचारतो ते फक्त शेवटच्या कमांडला, आणि शेवटचा जीझिप. जीझिपला आत काहीच आलं नाही, त्यानं त्या काहीच-नाहीला व्यवस्थित दाबलं आणि म्हणाला झालं. खोटं बोलला नाही तो, त्याचं काम झालंच होतं. आणि रिकाम्या गोष्टीला दाबून पण जीझिप वीस बाइटची फाइल करतो, डोकं आणि शेपूट तेवढं, म्हणून डॅश एस पण खूश. जुनी एक पेनड्राइव्ह सापडली आणि बाकीचं वह्यांवरनं परत चढवलं, रात्री दोन-दोनपर्यंत. तेव्हापासनं माझ्या प्रत्येक स्क्रिप्टात दुसरी ओळ ठरलेली:

#!/बिन/बॅश
सेट -ओ पाइपफेल

इफ ! माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप; देन
    इको "बॅकअपची डिस्क जोडलेली नाही" >&२
    एक्झिट १
फाय

फाइल=/बॅकअप/हिशेब-$(डेट +%एफ).जीझेड

इफ मायएसक्यूएलडम्प हिशेब | जीझिप > "$फाइल.अर्धी"; देन
    एमव्ही "$फाइल.अर्धी" "$फाइल"
एल्स
    इको "डंप फसला" >&२
    आरएम -एफ "$फाइल.अर्धी"
    एक्झिट २
फाय

पाइपफेल लावला की साखळीतला एक जरी फसला तरी पूर्ण साखळी फसली असं धरतात. डेटनंतरचा एफ कॅपिटल, आरएमचा लहान. उद्गारचिन्ह म्हणजे उलटं विचार, नाही झालं काय. माउंटपॉइंट ही कमांड त्या फोल्डरावर खरोखर डिस्क चढलीय काय ते सांगते. नुसतं डॅश डी लावून भागत नाही, डिस्क काढली तरी रिकामं फोल्डर तिथंच असतं, आणि मग बॅकअप गुपचूप मूळ डिस्कवरच जातो. फाइल आधी अर्धी नावानं लिहायची आणि झाली म्हटल्यावरच खरं नाव द्यायचं, म्हणजे मध्येच लाईट गेली तरी अर्धवट फाइल पूर्ण म्हणून मिरवत नाही.

ग्रेप म्हणजे फाइलीत शब्द शोधायची कमांड, तिचं पण असंच एक. ग्रेप -क्यू सापडलं तर शून्य, नाही सापडलं तर एक, आणि फाइलच उघडली नाही तर दोन. नुसत्या इफ-एल्समध्ये एक आणि दोन एकाच डब्यात पडतात, गिऱ्हाईक यादीत नाही असं सांगता आणि यादीच जाग्यावर नसते. वेगळं करायचं असेल तर ग्रेप चालवल्या चालवल्या डॉलर-प्रश्नचिन्ह (मागच्या कमांडनं ठेवलेला आकडा) एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा आणि त्याच्यावर केस लावा. चालवल्या चालवल्याच, मध्ये एक इको जरी घातला तर डॉलर-प्रश्नचिन्हात इकोचं उत्तर येतं, आणि इको बिचारा कायम झालंच म्हणतो. एररच्या मेसेजमधले शब्द शोधून निर्णय घ्यायचा तर अजिबात नाही, लोकेल बदललं की मेसेज पण दुसऱ्या भाषेत येऊ शकतो, आकडा तोच राहतो.

एवढं करून पण चालेना झालं तर फोन करायच्या आधी तीन गोष्टी. एक, फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिली होती काय? तिथं प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर जास्त चिकटतं, मग फाय हा फाय राहत नाही आणि शेल शेवटच्या ओळीपर्यंत फाय शोधत जाऊन फाइल संपली म्हणून तक्रार करतो. डॉस-टू-युनिक्स नावाची कमांड ते अक्षर काढते, नावात टू ऐवजी इंग्रजी दोन. वर्डमधनं कॉपी केलं असेल तर अवतरणचिन्हं वाकडी झाली काय ते पण बघा. दोन, बॅश -एन आणि फाइलचं नाव, हे न चालवता फक्त व्याकरण तपासतं, आणि बॅश -एक्स चालवत चालवत प्रत्येक ओळ व्हेरिएबल भरून दाखवतं, रिकामं अवतरण दिसलं की चोर तिथंच. तीन, शेलचेक नावाचा स्क्रिप्टातल्या चुका दाखवणारा प्रोग्राम टाकून घ्या मशीनवर, फुकट आहे, अवतरणचिन्ह विसरलात की ओळ नंबरासकट सांगतो, आणि रात्री साडेनऊनंतर पण उचलतो.

आणि एक्झिट एक, एक्झिट दोन हे वर कशाला लिहिलं ते राहिलं. तुमची स्क्रिप्ट पण शेवटी एक कमांडच आहे, उद्या तिला कुणी तर आपल्या इफपुढं ठेवणार. मावसभावानं परवा तसंच केलं, माझी बॅकअपची स्क्रिप्ट त्याच्या इफमध्ये घातली आणि एल्समध्ये मला मेसेज जायची सोय केली. काल रात्री अकराला आला, "डिस्क जोडलेली नाही". फोन लावला तर म्हणतो दादा, मामांनी त्या प्लगला मोबाइल लावलाय.